कापडाच्या पैशातली नग्नता

इंदूरच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, इतवारिया बाजारात, सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काच मंदिर हे दिगंबर जैन मंदिर उभारलं. भिंती, खांब, छत सगळं काचेनं मढवलेलं, आणि त्या काचेतच पापी जीवांच्या नरकयातनांची चित्रं. मोह आणि त्याची फळं हा विषय युरोपातल्या प्रबोधनकाळानेही भिंतीवर रंगवला. फ्लोरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमध्ये मसाच्चोने १४२५च्या सुमारास स्वर्गातून हाकललेले आदम आणि ईव्ह काढले. तिथे नग्नता हीच पापाची खूण. पुढे सतराव्या शतकात कुणीतरी त्या दोघांवर पानंही रंगवली. ती १९८०च्या दशकातल्या जीर्णोद्धारात निघाली. काच मंदिरात याच्या नेमकं उलट आहे. दिगंबर परंपरेत नग्न असतो तो मोह जिंकलेला तीर्थंकर. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर तीर्थंकर नव्हे, पण त्याचीही मूर्ती नग्न, आणि तिच्या मांड्यांवर आणि दंडांवर वेल चढलेली दिसते. पण ती काही झाकत नाही, तो किती काळ निश्चल उभा आहे एवढंच सांगते. मसाच्चोच्या चित्रावरची पानं मात्र झाकण्यासाठीच आली. दोन्हीकडे वनस्पतीच, काम मात्र अगदी वेगळं.

दोन्हीकडचा पैसा कापडाचा, ही गंमतही नोंदवण्यासारखी आहे. चॅपेलचा आश्रयदाता फेलीचे ब्रांकाची रेशमाचा व्यापारी होता, तर हुकुमचंद गिरणीमालक, ‘कॉटन किंग’ म्हणून ओळखले जाणारे. अपरिग्रह, म्हणजे संचय न करणं, सांगणाऱ्या धर्माचं मंदिर इतकं झगमगीत कसं, असं कुणी विचारेल. दानाने परिग्रह हलका होतो, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. ते मला पुरेसं वाटत नाही. पण त्यामुळे मूर्तीचा अर्थ बदलत नाही. आरशांच्या गर्दीत काहीही न बाळगणारी आकृती उलट जास्तच उठून दिसते.

नरकाची चित्रं तर ख्रिस्ती आणि जैन दोन्ही परंपरांत आहेत, मग फरक कसला, हा आक्षेप अधिक वजनदार. पण ख्रिस्ती अंतिम निवाड्यात न्यायाधीश असतो आणि सगळ्या जगासमोर उघडं पडणं असतं. जैन नरकात निवाडा करणारा कुणी नाही. कर्म भोगून संपलं की जीव तिथून सुटतो. भीती दोन्हीकडे सारखीच, चारचौघांतली लाज मात्र एकीकडेच. तरीही लाज जैनांना ठाऊकच नव्हती, असं म्हणता येणार नाही. तत्त्वार्थसूत्रातल्या २२ परीषहांत, म्हणजे साधूने सोसायच्या त्रासांत, नग्नता आहे आणि स्त्रीही आहे. लाज आणि मोह दोन्ही मान्य करून, जिंकायच्या यादीत टाकलेले. ही यादी पुरुष साधूच्या नजरेतून केलेली, हे उघड आहे, आणि माझा युक्तिवाद इथेच अडतो. दिगंबर आर्यिका, म्हणजे साध्वी, पांढरी साडी नेसते, आणि स्त्रीदेहाने मोक्ष नाही असं तो संप्रदाय मानतो. मसाच्चोच्या चित्रातही आदम फक्त तोंड झाकतो. अंग झाकण्याची धडपड ईव्हच्याच वाट्याला आली आहे.