जाणारी तार आणि परतणारी तार

सोलापुरांतील एखाद्या जुन्या वाड्यांत अजून भिंतीवरून गेलेली सागवानी पट्टी दिसते. तिच्या पोटांत दोन खांचा असतात आणि वर झांकण. वायरमन मंडळी तिला केसिंग-कॅपिंग म्हणत आली आहेत. एका खांचेंतून वीज घेऊन जाणारी तार, दुसरींतून परतणारी. दोघींना एका खांचेंत घालावयाचें नाहीं, असा त्या पद्धतीचा दंडक होता. आतां त्याच शहरांतील एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यांत जा. तेथें लोखंडी नळींतून तारा नेलेल्या आढळतील, आणि तेथला दंडक नेमका उलटा: एका मंडलाच्या, म्हणजे सर्किटाच्या, सर्व तारा एकाच नळींतून गेल्या पाहिजेत, एकटी तार लोखंडांतून नेऊं नये. एकाच गांवांत हे दोन नियम परस्परांसमोर उभे राहिले कसे, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

विजेचे दिवे घरांत येऊं लागले तेव्हां लोकांना पहिली धास्ती वाटली ती आगीची. लंडन येथील तारायंत्र-अभियंत्यांच्या व विद्युत्-तज्ज्ञांच्या संस्थेनें १८८२ सालीं विजेच्या दिव्यांपासून उद्भवणाऱ्या अग्निभयाच्या निवारणार्थ नियम प्रसिद्ध केले. इंग्लंडांतील आजच्या वायरिंग-नियमांची ती पहिली आवृत्ति होय. आपल्याकडे विजेसंबंधींचा पहिला कायदा १८८७ चा, नंतरचा १९०३ चा, आणि पुढें दीर्घकाळ चाललेला १९१० चा. त्या आरंभकाळांत पुष्कळ ठिकाणीं वीज एकाच दिशेनें वाहणारी, म्हणजे डी. सी., असे. तारेवरील आवरण रबराचें व सुताचें. ओल लागली किंवा उंदरानें कुरतडलें, कीं दोन तारांचीं उघडीं अंगें परस्परांस भिडत आणि ठिणगी उडे. आणि भोंवतालचें लाकूड तर जळणारेंच. म्हणून दोघींच्या मध्यें लाकडाची उभी भिंत. दुरावा हेंच संरक्षण, असा त्या पिढीचा न्याय. आणि त्या सामग्रीपुरता तो अगदीं रास्त होता.

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली, तेव्हां गिरण्यांतून हा प्रश्नच नव्हता. बाष्पयंत्र एका जागीं फिरे आणि त्याची शक्ति दोर, पट्टे व लांबलचक दांडे यांच्या द्वारें मागांपर्यंत पोंचे. पुढें दांड्यांची जागा तारांनीं घेतली. १९१५ सालीं खोपोलीहून टाटांची जलविद्युत् मुंबईच्या गिरण्यांकडे धांवूं लागली, ती उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए. सी., वीज होती. आणि कालांतरानें सर्वत्र याच तऱ्हेचें राज्य झालें.

आतां ही तऱ्हा कशी असते, तें सोलापूरकरांना मागाच्या भाषेंत सांगतां येईल. डी. सी. म्हणजे एका दिशेनें उलगडत जाणारें सूत, ए. सी. म्हणजे धोटा. तो सेकंदाला पन्नास फेऱ्या करतो, म्हणजे शंभर वेळां दिशा बदलतो. १८२० सालीं डेन्मार्कच्या ओर्स्टेडनें दाखविलें कीं, प्रवाह वाहणाऱ्या तारेभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें. १८३१ सालीं फॅरेडेनें दाखविलें कीं, चुंबकत्व बदलत राहिलें तर जवळच्या धातूंत वीज उत्पन्न होते. हे दोन शोध एकत्र ठेवले कीं सारा उलगडा होतो. एकटी तार लोखंडी नळींत घातली, तर नळीचें चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळां उलटतें; लोखंडाच्या अंगांत भोंवऱ्यासारखे प्रवाह फिरूं लागतात आणि नळी तापते. प्रवाह मोठा असेल तर हात लावतां येऊं नये इतकी तापते. तारेचें आवरण शाबूत, जोड घट्ट, फ्यूज नवा; आणि तरीहि ऊब वाढतच राहते! पण परतणारी तार शेजारीं ठेवा. जाणारीचें चुंबकत्व एका बाजूनें, परतणारीचें दुसऱ्या बाजूनें, आणि नळीला मिळणारी बेरीज जवळजवळ शून्य. मोटारीला वीज पुरविणाऱ्या तीन फेजच्या तारांचीहि गोष्ट तीच: तिघींची बेरीज शून्य, म्हणून तिघी एकत्रच हव्यात.

लाकडी पट्टींतील त्या दोन तारांना मग ए. सी. कशी चालली? लाकडाला चुंबकत्व लागत नाहीं आणि खांचांमधील अंतर बोटभरच. पूर्वीचा नियम खोटा नव्हता. लाकूड जाऊन लोखंड आलें आणि डी. सी. जाऊन ए. सी. आली, त्यानें त्याचा आधार काढून घेतला. डी. सी. एकट्यानें लोखंडांतून गेली तरी नळी तापत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

कोणी म्हणेल, रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वाहिनी पाहा. तिच्या मनोऱ्यांवर तारा कितीतरी दूर दूर टांगलेल्या आहेत. ही वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सुरू झाली आणि दक्षिणेचें वीजजाळें उर्वरित देशाशीं एकाच लयींत बांधलें गेलें. सोलापूरनें तिचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या तारा उघड्या आहेत, मधली हवा हेंच त्यांचें आवरण, आणि त्यांच्याभोंवतीं लोखंडी नळी नाहीं. शेतावरचा न्याय कारखान्याच्या भिंतीला लावूं नये.

उष्णतेहून घातक दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. जाणारी व परतणारी तार दूर झाली कीं ए. सी. प्रवाहाच्या वाटेंतील अडथळा वाढतो. एरवीं तो जाणवत नाहीं. पण बिघाड होऊन प्रवाह जमिनीच्या तारेनें परतूं पाहतो, तेव्हां तोच अडथळा त्याला रोखून धरतो. फ्यूज वितळण्यास हवा तेवढा प्रवाह मिळत नाहीं, आणि ज्या क्षणीं तो तुटावयाचा त्या क्षणीं तो विचार करीत बसतो. म्हणून जमिनीची तारहि सोबतच न्यावी लागते. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसें प्राणांस मुकलीं; पहिल्या बातम्यांत शॉर्ट सर्किटची शंका व्यक्त झाली होती. त्या दुर्घटनेचें खापर मी ह्या नियमाच्या भंगावर फोडीत नाहीं. परंतु जेथें सूत, कापूस आणि माणसांची वस्ती एका छपराखालीं असते, तेथें फ्यूजनें घेतलेला एकेक सेकंद मोलाचा असतो.

आय. एस. ७३२ ह्या भारतीय मानकांत हा दंडक आहेच. तरी तो मोडतो कसा, तें पाहण्यासारखें आहे. मोठ्या यंत्राकरितां जाड एकेरी केबली आणतात आणि लोखंडी पेटीच्या पत्र्याला तीन वेगळीं भोकें पाडून तीन केबली आंत घेतात. काम दिसावयास सुबक. पण प्रत्येक भोंकाभोंवतीं लोखंडाचें कडें तयार झालेलें असतें, आणि पत्रा तापतो. जाणता कारागीर तेथें पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवितो, नाहीं तर भोंकांच्या मध्यें चीर पाडून तीं एकमेकांस जोडून टाकतो.

घरांतला प्रकार निराळा. जिन्यावर नवा दिवा हवा. फेजची तार वरच्या मजल्याच्या सर्किटांतून घेतली आणि तार वांचविण्याकरितां परतीची तार खालच्या मजल्याच्या न्यूट्रलला जोडली. दिवा लागतो. पण पुढें खालच्या मजल्याची दुरुस्ती करावयास कोणी त्याचा फ्यूज काढून न्यूट्रल सोडविला, कीं त्या मोकळ्या तारेंत वरच्या दिव्यांतून आलेली वीज उभी असते. गळती झाल्यास तुटणारा नवा स्विच मात्र अशी उसनवारी चालवून घेत नाहीं. त्याच्या पोटांत एक लहान कडें असतें. जाणारी व परतणारी तार दोन्ही त्यांतून जातात, आणि दोघींच्या हिशेबांत अँपियरच्या तीस सहस्रांशाएवढा फरक पडला कीं तो मंडल तोडतो. म्हणून असा स्विच बसविल्या दिवशींच पुष्कळ जुन्या घरांत तो पुनःपुन्हां पडूं लागतो आणि लोक दुकानदाराशीं भांडावयास जातात. त्यापूर्वीं जिन्यावरच्या दिव्याची परतीची तार कोठें गेली आहे, तेवढें वायरमनला पाहावयास सांगावें.