सायलेन्सरचा बेंड पाइप गंजतोय? कोणता रंग टिकतो, कोणता जळतो आणि कोटिंग कसं करायचं, वाचा सविस्तर

कोपर (डोंबिवली) : मोटारसायकलची टाकी चकचकीत, सीट नवी, पण इंजिनातून निघणारा बेंड पाइप मात्र लालबुंद गंजलेला. कोपर, मोठागाव, दिवा या खाडीकाठच्या पट्ट्यात असं चित्र दर पावसाळ्यानंतर दिसतं. भिवंडी, कल्याण, मुरबाड, शहापूर तालुक्यांतून दूध, भाजी घेऊन येणाऱ्या किंवा रोज स्टेशनला लागणाऱ्या गाड्यांचीही तीच गत. मग कोणी काळा ऑइल पेंट मारतो, कोणी क्रोम करून आणतो, कोणी पट्टी गुंडाळतो. पंधरा दिवसांत रंग उडाला की डब्याला दोष दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. घासाई अर्धवट केलेली असते आणि रंग भाजलेला नसतो. कच्चं मडकं जसं पाणी धरत नाही, तसा न भाजलेला हीटप्रूफ रंग पाइपला धरत नाही.

बेंड पाइप किती तापतो?

इंजिनाच्या हेडपासून सायलेन्सरपर्यंत जाणारा वाकडा पाइप म्हणजे बेंड. पेट्रोल जळून बाहेर पडणारा वायू हेडजवळ ६०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत गरम असतो. पाइपचा बाहेरचा पत्रा त्याहून थंड राहतो, तरी चालत्या गाडीत हेडजवळ साधारण २०० ते ४०० अंश तापमान सहज होतं. चढावर, ओझं असताना किंवा ट्रॅफिकमध्ये ते आणखी वाढतं. पाणी १०० अंशांना उकळतं हे लक्षात घेतलं, तर दाराखिडक्यांचा रंग इथे का टिकत नाही ते कळेल.

गंज का धरतो?

बाहेरून पाणी, चिखल आणि खाडीकडची खारी हवा. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तापलेल्या पाइपवर पाणी पडतं, वाफ होते, मीठ आणि माती तिथेच राहते. पाइप रोज तापून पसरतो, थंड होऊन आकसतो. त्यात रंगाला बारीक भेगा पडतात आणि पाणी आत शिरतं.

आतूनही गंज धरतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी लांब पळाली तर वाफ निघून जाते. पण घर ते स्टेशन असं दोन किलोमीटरच गेलं, तर पाइप पुरता तापत नाही आणि पाणी आतच साचतं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधी कधी जास्त लवकर सडतो.

पाइप निळा-पिवळा झाला म्हणजे बिघाड का?

दर वेळी नाही. स्टेनलेस स्टील तापलं की वर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि रंग दिसतो. साधारण ३०० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, ४०० जवळ तपकिरी, साडेचारशेला जांभळा आणि ५४० च्या आसपास निळा. क्रोम पाइपही हेडजवळ थोडा निळसर होतोच. मात्र नव्या पाइपवर थोड्या दिवसांत गडद निळेपणा आला, तर मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाणं, टायमिंग मागे असणं किंवा हेडजवळच्या पॅकिंगमधून हवा ओढली जाणं, ही त्याची नेहमीची कारणं. ती न काढता वरून क्रोम केलं, तर पुन्हा निळंच होणार.

कोणतं कोटिंग कशासाठी?

*साधा ऑइल पेंट किंवा स्प्रे :* बेंडला अजिबात नको. जळतो, धूर करतो, पापुद्रे सुटतात.

*हीटप्रूफ स्प्रे :* यात सिलिकॉन रेझिन आणि बहुधा ॲल्युमिनियमची भुकटी असते. डब्यावर ६०० किंवा ६५० अंश असं लिहिलेलं बघूनच घ्यावा. काही डब्यांवर २०० किंवा ३०० अंशच असतात, ते हेडजवळ पुरत नाहीत. घरी करता येण्यासारखा आणि स्वस्तातला मार्ग हाच. काळा किंवा चंदेरी रंग मिळतो.

*पावडर कोटिंग :* चॅसिस, रिम, स्टँड यांना उत्तम. पण साधी पॉलिस्टर पावडर भट्टीत १८० ते २०० अंशांनाच पिकवतात. बेंड त्याहून जास्त तापतो, म्हणजे कोटिंग पिवळं पडून जळणार. पाइपसाठी खास सिलिकॉनची पावडर असते, ती असेल तरच करावं.

*क्रोम :* दिसायला सगळ्यांत देखणं. वरचा क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गंज अडवण्याचं खरं काम खालचा निकेलचा थर करतो, तो १० ते २५ मायक्रॉन असावा लागतो. घाईत निकेल कमी दिलं की एका पावसात ठिपके येतात. गंजाने पडलेले खड्डे क्रोमने भरत नाहीत. या कामात वापरलं जाणारं षटसंयोजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याचं पाणी नाल्यात, विहिरीत सोडणाऱ्या ठिकाणी काम देऊ नये. प्लेटिंगच्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

*सिरॅमिक कोटिंग :* साधारण २५ मायक्रॉनचा थर, चांगल्या दर्जाचं ९०० अंशांच्या पुढेही टिकतं. उष्णता काही प्रमाणात आतच राहते, पायाला झळ कमी लागते. खर्च जास्त, आणि आधी ब्लास्टिंग करावंच लागतं. गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल तर परवडतं. शंभर रुपयांच्या पॉलिशवरही हल्ली सिरॅमिक लिहिलेलं असतं. ते टाकीसाठी असतं, बेंडसाठी नाही.

*पट्टी गुंडाळणं :* काचतंतू किंवा बसाल्टची पट्टी शर्यतीच्या गाडीला ठीक. आपल्याकडे पावसात ती पाणी धरून ठेवते आणि साधा लोखंडी पाइप आतल्या आत सडतो. वरून कळतही नाही. जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी तर हातातही घेऊ नये, तिची धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

*जीआय पाइपचा बेंड :* फॅब्रिकेशनवाल्याकडून पाण्याच्या जीआय पाइपचा बेंड करून घेणारे आहेत. जस्ताचा मुलामा २०० अंशांच्या पुढे टिकत नाही आणि ४१९ अंशांना जस्त वितळतं. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला, तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. पैसे वाचवायला गेलं आणि दोन्हीकडून नुकसान.

घरी हीटप्रूफ स्प्रे कसा मारायचा?

दिवस कोरडा निवडावा. एप्रिल-मे किंवा दिवाळीनंतरचा काळ चांगला.

१. गाडी पूर्ण थंड असताना नटांवर गंज सोडवणारं तेल मारून तासभर थांबावं. जोर लावला तर हेडमधला स्टड तुटतो आणि खर्च कोटिंगपेक्षा जास्त होतो.

२. पाइप काढून साबणाच्या पाण्याने चिखल-तेल धुवावं, पूर्ण वाळवावा.

३. तार ब्रशने सैल गंज काढावा. मग ८० नंबरचा आणि नंतर १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर. जुना रंग आणि गंज पूर्ण जाऊन उघडा धातू दिसला पाहिजे. निम्मं काम इथेच आहे. गंजावर मारलेला रंग गंजाबरोबरच सुटतो.

४. साधा रेड ऑक्साइड प्रायमर किंवा लांबी लावू नये. ती जळते आणि वरचा रंग घेऊन पडते.

५. स्वच्छ फडक्याने थिनर फिरवावा. त्यानंतर उघड्या हाताने पाइप धरू नये, बोटांचं तेल लागलं तिथे रंग धरत नाही.

६. दोन्ही तोंडं आणि आटे झाकून दोन-तीन पातळ हात मारावेत, मध्ये १०-१५ मिनिटं अंतर ठेवून. एकच जाड हात मारला तर फोड येतात. काम उघड्यावर, तोंडाला मास्क, जवळ विडी-सिगारेट किंवा चूल नको.

७. डब्यावर लिहिलं तितकं वाळू द्यावं. बसवताना हेडची पॅकिंग नवी घ्यावी, दोन्ही नट थोडे थोडे करून सारखे आवळावेत.

८. आता भाजणी. डब्यावरची पद्धत आधी वाचावी. साधारणपणे गाडी ५ मिनिटं चालू ठेवून पूर्ण थंड करायची, मग १० मिनिटं चालू ठेवून पुन्हा थंड, आणि तिसऱ्या वेळी १५-२० मिनिटं हळू चालवून आणायची. सुरुवातीला वास आणि थोडा धूर येतो, तो यायचाच. हे बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये करू नये. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. पाइप चुलीवर किंवा घरातल्या ओव्हनमध्येही भाजू नये.

भाजणी होईपर्यंत पाइप पावसात भिजवू नये. लोकांचा रंग उडतो तो बहुतेक याच टप्प्यावर.

बीएस-६ गाडीवाल्यांनी हे आधी वाचावं

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या गाड्यांत बेंडवर ऑक्सिजन सेन्सर असतो आणि बेंडमध्ये किंवा पुढे धूर स्वच्छ करणारी जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. रंग मारण्याआधी सेन्सर काढून भोक बंद करावं, सेन्सरवर रंगाचा थेंबही जाऊ नये. जोडाला साधं सिलिकॉन सीलंट लावू नये, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. जाळी असलेला पाइप ॲसिडच्या टाकीत बुडवायला देऊ नये आणि आतून ब्लास्टिंग करू नये. या जाळीत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमसारखे महागडे धातू असतात. त्यामुळे पाइप बाहेर कामाला दिला तर परत घेताना जाळी जागेवर आहे ना, हे बघावं.

रंग लावला म्हणजे पाइप थंड झाला असं नाही

सिरॅमिक असो वा क्रोम, हात लावला तर भाजणारच. ७० अंशांच्या धातूला एखादा सेकंद जरी कातडी टेकली तरी भाजतं. साडीतल्या बाया, मागे बसलेली लहान पोरं आणि गाडीभोवती खेळणारी मुलं यांच्या पोटरीला आणि हाताला चटके जास्त बसतात. म्हणून कोटिंग करताना पाइपवरची जाळी किंवा हीट गार्ड काढून टाकू नये. गार्ड हरवलं असेल तर आधी ते बसवावं, रंगाचं नंतर बघावं.

भाजलंच तर जखमेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. फोड मोठा असेल किंवा मूल लहान असेल तर दवाखाना गाठावा.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक. तापलेली गाडी भाताच्या उडवीला, खळ्यावरच्या पेंढ्याला किंवा सुक्या गवतात टेकून उभी करू नये. बेंडला आणि जाळीच्या भागाला पेंढा लागला तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

कायदा काय सांगतो?

मूळ पाइपवर हीटप्रूफ रंग दिल्याने आवाज किंवा धूर बदलत नाही. पण कोटिंगच्या निमित्ताने सायलेन्सर कापणं, आतली जाळी काढणं, फटाके फोडणारा सायलेन्सर बसवणं हे वेगळं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२० नुसार सायलेन्सर बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

केलेलं टिकवायचं कसं?

तापलेल्या पाइपवर गार पाणी मारू नये. गाडी धुतल्यावर पाच मिनिटं चालू करून पाइप वाळवावा. पावसाळ्याआधी जळकं ऑइल फासण्याची पद्धत आहे, पण ते चालत्या गाडीत जळून डाग पाडतं आणि धूर करतं. रेनकोट चिकटला तर पाइप थोडा कोमट करून लाकडी पट्टीने खरवडावा, ब्लेड लावू नये. आठवड्यातून एकदा तरी गाडी पाच-दहा किलोमीटर नेली तर आतलं पाणी निघून जातं.

कोटिंग कधी करू नये?

पाइपवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकून बघावं. टणटण वाजला तर धातू शाबूत आहे. बद्द वाजला, पत्रा दबला किंवा भोक दिसलं तर रंगावर पैसे घालू नयेत. वेल्डिंग करावं किंवा पाइप बदलावा. हेडजवळून फटफट आवाज येत असेल तर तिथून गळती आहे. बीएस-६ गाडीत त्याने सेन्सर चुकतो आणि पेट्रोल जास्त जातं.

दुकानात काम देताना तीन प्रश्न विचारावेत. हे कोटिंग किती अंशांना टिकतं? आधी गंज कशाने काढणार? नंतर भट्टीत भाजणार की नाही? ब्लास्टिंग वाळूने करत असतील तर दुसरं दुकान बघावं, त्या धुळीने कामगाराला सिलिकोसिस होतो. तिन्ही उत्तरं सरळ मिळाली तर काम द्यावं. "साहेब, गॅरंटी आहे, टेन्शन नको" एवढंच उत्तर मिळालं, तर पाइप घरी आणून पॉलिश पेपर हातात घेतलेला बरा.