काचेवरचे दहिवर

नांदेड सोडल्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत लातूरकडे जाणारा रस्ता जेथे बालाघाटाच्या पठारावर चढतो, तेथे श्रावणातल्या एखाद्या पहाटे, बाहेर झड लागलेली असताना आणि आत पन्नासएक ओलेत्या माणसांच्या श्वासोच्छ्वासाने गाडीतली हवा जड झालेली असताना, समोरच्या काचेवर आतल्या बाजूने जो पांढुरका पडदा हळूहळू उतरत येतो, त्याचा इतिहास लिहावा असे आजवर कोणास वाटले नसेल; आणि वाटावे तरी का, कारण इतिहासाला साधारणतः लढाया, सनदा आणि जमाबंदीची दप्तरे लागतात. माझ्या आठवणीतला एक चालक हा इतिहास दर पाच मिनिटांनी खांद्यावरच्या फडक्याने पुसून टाकीत असे, आणि पुसल्या जागेतून दिसेल तेवढ्याच रस्त्यावर विश्वास ठेवून गाडी हाकीत असे.

वस्तुतः पाण्याच्या वाफेशी मराठवाड्याचा व्यवहार मोटारीहून फार जुना आहे. वैशाखात येथल्या कोरड्या हवेला पाण्याची अशी काही तहान असते की, मातीच्या माठातून पाझरलेला थेंब ती क्षणात पिऊन टाकते आणि त्या मोबदल्यात माठातले पाणी गार करून ठेवते. कलेक्टराच्या जागी तालुकदार असलेल्या निजामी अमलात कचेऱ्यांच्या दारांवर वाळ्याचे पडदे ओले करून सोडीत, ते याच न्यायाने. आणि पुढे मालमोटारींच्या व जीपगाड्यांच्या नाकाडावर जाड कापडाची छागल लोंबू लागली, तीही याच न्यायाने, कारण गाडी जितकी धावे तितके छागलीतले पाणी थंड होई. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हा व्यवहाराचा एक भाग झाला. दुसरा भाग उलटा आहे. माठाला घाम येतो असे आपण म्हणतो, परंतु तो आतून झिरपलेला असतो. काचेला येणारा घाम हवेतून येतो. तीस अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, आणि तीच हवा वीस अंशांवर उतरली की जेमतेम १७ ग्रॅम. उरलेल्या बाष्पाने जावे कोठे, तर ते समोर जी गार वस्तू असेल तिला बिलगते. गवतावर पडले की आपण त्याला दहिवर म्हणतो आणि कौतुक करतो. मोटारीच्या काचेवर पडले की शिव्या देतो.

हा रोग बंद मोटारीचा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. निजामी इलाख्यात प्रथम ज्या मोटारी आल्या, त्या बहुधा कापडी टपाच्या उघड्या गाड्या होत्या. त्यांतून दौऱ्यावर निघालेला अंमलदार पावसात भिजे, धुळीने माखे, परंतु त्याच्या पुढची काच आतून कधी आंधळी होत नसे, कारण आत असे काही नव्हतेच. लातूरला त्या काळी बाहेरच्या जगाशी जोडणारा मुख्य मार्ग बार्शी लाइट रेल्वेचा होता. ती चिमुकली, अडीच फुटी रुळांची गाडी १९११ साली लातुरास पोहोचली आणि तूर, करडई, कापूस यांच्या पोत्यांवर या गावाची पेठ वाढवीत राहिली. नांदेडास त्याआधीच गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग आला होता. रेल्वे जेथे संपे तेथून पुढे बैलगाडी, टांगा, आणि हळूहळू मोटार. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्ता-वाहतुकीचे स्वतंत्र खाते काढले, तेव्हा त्याच्या पदरी २७ बसगाड्या आणि १६६ माणसे होती. गाड्या स्कॉटलंडातील अल्बियन या कारखान्याच्या. सरकारने स्वतःच्या अंगावर बसवाहतूक घेण्याचा हिंदुस्थानातील हा अगदी आरंभीचा प्रयोग होय. तिकिटाचे पैसे निजामाच्या हाली सिक्क्यात द्यावयाचे, सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखात गेले की कलदार मोजावयाचे (सात हालीला सहा कलदार, असा स्थूल हिशेब), आणि मोटारीचा एखादा सुटा भाग मुंबईहून मागवला तर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर त्याचा महसूल भरावयाचा. अशा परिस्थितीत काचेवरची वाफ घालविण्यासाठी विलायतेहून एखादे यंत्र मागवावे, हा विचार कोणाच्या मनास शिवणे शक्य नव्हते.

मोटारीच्या उष्णतेशी येथल्या उतारूंची खरी ओळख करून दिली ती दुसऱ्या महायुद्धाने. पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा देशभर अनेक बसगाड्यांच्या पाठीशी कोळशाच्या उभ्या भट्ट्या बसविण्यात आल्या. लोणारी कोळसा अर्धवट जळून निघणारा वायू गाळून इंजिनात न्यावयाचा आणि त्यावर गाडी हाकावयाची, अशी ती योजना होती. गाडी सुरू करण्यापूर्वी भट्टी चेतवून हाताच्या पंख्याने तिला वारा घालीत बसणारा क्लीनर, चढावर दम टाकणारे इंजिन, उतरून गाडी ढकलणारे उतारू, हे सर्व जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून येते. मागच्या बाकावर बसणाऱ्यास पौषातल्या थंडीत फुकटची शेगडी लाभे. पुढे बसलेल्या चालकाच्या काचेला मात्र तिचा काडीचाही उपयोग नव्हता. उष्णता गाडीच्या एका टोकास विपुल असावी आणि जेथे गरज आहे तेथे तिचा लवलेशही नसावा, हा विरोधाभास मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. कारण त्याच सुमारास, हजारो कोसांवर, काही जर्मन अभियंते नेमक्या याच कोड्याशी झुंजत होते.

फोक्सवागनची ती सुप्रसिद्ध कासवाकृती मोटार आणि तिच्याच कुळातून १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे जन्मलेली पोर्शे या दोहोंचे इंजिन पाठीमागे होते आणि ते वायुशीतित होते. साध्या मोटारीत इंजिनाभोवती पाणी खेळते. ते तापलेले पाणी एका लहानशा नळीजालातून आणून त्यावरून पंख्याने हवा फुंकली की काच सुकविण्याची आणि पाय शेकण्याची सोय आयती होते. वायुशीतित इंजिनात पाणीच नाही, मग ऊब आणावी कोठून? त्या अभियंत्यांनी ती धुराड्यातून आणली. जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांभोवती पत्र्याचे आवरण घालावयाचे, इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याची थोडी हवा त्या आवरणातून फिरवावयाची, आणि अशी तापलेली हवा गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ उंबऱ्यांतून सबंध गाडीची लांबी ओलांडून पुढच्या काचेच्या पायथ्याशी सोडावयाची. कल्पना सुरेख, आचरण मात्र लहरी. इंजिन वेगात फिरले तर हवा भरपूर आणि कढत, चौकात गाडी थांबली की फुंकर मंद आणि कोमट. उंबऱ्याच्या पत्र्याला गंज लागला की ऊब वाटेतच पाझरून जाई. आणि नळीला कोठे भेग पडली तर उबेबरोबर तेलाचा वास, आणि प्रसंगी त्याहून घातक असा कार्बन मोनॉक्साइडही आत येई. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोर्शे ९११ मांडली गेली, तिच्यातही रचनेचे सूत्र हेच राहिले. ऊब कमी पडे म्हणून पेट्रोल जाळणारी एक स्वतंत्र लहान शेगडी काही गाड्यांतून बसवीत, पुढे विजेचे साहाय्यक पंखे आले, मागच्या काचेत बारीक तारा ओवून ती विजेने तापविण्याची युक्ती आली. १९९८ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, ९११ने पाण्याला इंजिनाजवळ फिरकू दिले नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही या प्रश्नावर तासन्‌तास खल करतात, आणि त्यांपैकी जे शक्तीच्या मोहाने धुराड्यावरील ते आवरण काढून साध्या नळ्या बसवतात, ते पहिल्याच थंड, पावसाळी सकाळी हातात फडके घेतात. म्हणजे पुन्हा आमच्या अहमदपूरच्या चढावर येऊन पोहोचतात.

स्वातंत्र्योत्तर काळात, सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपल्यावर आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर, येथील बसवाहतूकही यथाकाल, १९६१ मध्ये, महाराष्ट्राच्या एस.टी.त विलीन झाली. सरकारी दौऱ्यांसाठी जीप आणि ॲम्बॅसडर आल्या. या गाड्यांत तापलेले पाणी होते, परंतु त्यापासून ऊब घेणारे यंत्र आमच्याकडे क्वचितच बसविले जाई. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात तापणाऱ्या प्रदेशात गाडीला हीटर लावणे हा वेडगळपणा वाटणे साहजिकच होते. काचेचा बंदोबस्त मग लोकांनी आपल्या अकलेने केला. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात असलेली त्रिकोणी काच उलटी फिरवली की वाऱ्याचा झोत आत वळे, आणि चार शिंतोडे सोसण्याची तयारी असेल तर समोरची काच त्या वाऱ्याने निवळे. कोणी कापलेला बटाटा काचेवर फिरवी, कोणी साबणाचा कोरडा हात. आणि ज्याच्या खिशात चंची आहे असा चालक तंबाखूची ओली चिमूट काचेवर चोळी. यात अंधश्रद्धा काही नाही. अशा लेपाने पाणी थेंब धरीत नाही, पातळ पापुद्र्यासारखे पसरते, आणि पसरलेल्या पाण्यातून रस्ता दिसतो. प्रकाशाला फोडतात ते थेंब. चुना मळलेली तंबाखू तोंडात आणि नुसती तंबाखू काचेवर, हा भेद मात्र कटाक्षाने पाळला जाई, कारण चुन्याने काच पांढरी होते.

या प्रदेशाला वायुशीतित मोटार खरे तर जर्मनीहून अधिक शोभली असती. उन्हाळ्यात बालाघाटाच्या चढावर रेडिएटर उकळला की क्लीनरने पत्र्याचा डबा घेऊन ओढ्याकडे धावावे आणि ओढा कोरडा पाहून परत यावे, हा देखावा १९७२ च्या दुष्काळात कोणास नवा नव्हता; आणि ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले (पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, आणि तेही बार्शी लाइट रेल्वेने आखलेल्या बहुतांशी त्याच वाटेने), त्या गावच्या मोटारीने पाण्याशिवाय चालावे यापरते उचित काय? परंतु पन्नाशीच्या दशकात टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर देशात मोटारी बनविण्याचा परवाना ज्या थोड्या कारखान्यांच्या हाती राहिला, त्यांच्या लोकप्रिय गाड्या पाणी पिणाऱ्याच होत्या. आयातीवरील निर्बंधांनी बाकीचा दरवाजा लावून घेतला.

अलीकडच्या गाड्यांतील वातानुकूलनाने हा प्रश्न सोडविला असे म्हणतात, आणि ते बरेचसे खरे आहे. गार नळीजालावर हवेतील बाष्प आधीच उतरवून घेऊन कोरडी झालेली हवा काचेवर सोडली, की आतली वाफ पाहता पाहता विरते. मात्र आषाढात नांदेडच्या दमट रात्री हेच यंत्र फार जोरात लावले, तर काच इतकी गारठते की दहिवर बाहेरच्या बाजूने धरते, आणि नवशिक्या चालक आतून फडके घासघासून थकतो. तेव्हा वायपर फिरवावा, एवढे त्यास कोणी सांगितलेले नसते.

वायुशीतित, पाठीमागे इंजिन असलेले वाहन येथे आले, पण ते मोटारीच्या रूपाने आले नाही. १९५९ साली बजाजला परवाना मिळाल्यानंतरच्या काळात तीन चाकांची रिक्षा शहरोशहरी पसरली. पुढे १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूज येथे त्याच कंपनीचा कारखाना उभा राहिला, तेव्हा ही वाहने मराठवाड्याच्या भूमीतच घडू लागली. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर रिक्षा ही त्या जर्मन गाडीची फार लांबची, गरीब चुलत बहीण होय: इंजिन मागे, भोवती वारा, पाण्याचा थेंब नाही, आणि सारी ऊब उतारूच्या आसनाखालून मागच्या मागे रस्त्यावर वाया. उंबऱ्यांतून ती पुढे नेण्याची तजवीज कोणी केली नाही, कारण रिक्षाला उंबराच नाही. हुजूर साहिब गुरुद्वाराच्या दर्शनासाठी पंजाबातून आलेली मंडळी पहाटेच्या गाडीने नांदेड स्थानकावर उतरतात तेव्हा पावसाळ्यात या रिक्षांचे रेक्झिनचे पडदे दोन्ही बाजूंनी खाली सोडलेले असतात, आत चार माणसे आणि त्यांचे सामान कोंबलेले असते, बुडाखाली इंजिनाची धग लागत असते, आणि पुढे काचेवर तोच पांढुरका पडदा उतरत असतो. चालक एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने खिशातली पुडी काढतो, चिमूटभर तंबाखू बाहेरच्या पावसात भिजवतो, आणि काचेवर आपल्या डोळ्यांपुरते एक वर्तुळ चोळून गुरुद्वाराच्या रस्त्याला लागतो.