अंगावरचे दूध आणि पाठचे मूल

मूल अंगावर पीत आहे तोवर पाठचे लवकर राहत नाही, असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. त्याची उलटी साक्ष आम्हांला अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये सापडते. १७८० साली पॅरिसचा पोलीसप्रमुख लनुआर लिहितो की, शहरात वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे २१,००० मुलांपैकी जेमतेम हजार आईच्या अंगावर पितात. बहुतेकांची रवानगी दाईंकडे, पुष्कळदा दूरच्या खेड्यांत होई. लियाँच्या रेशीम-कारागिरांतही हीच चाल. बायको कामावरून उठली तर चूल कशी पेटणार? पण दूध आटले की पाळी लवकर परते आणि वर्षा-दीड वर्षात पुन्हा बाळंतपण येई. दाईंकडची मुले तर फार दगावत. पाळणा लांबे तो दाईचा!

मूल चोखते तेव्हा मेंदूकडून बीजकोशाला मिळणारी चेतना मंदावते, हे पुढे कळले. १९८८ साली इटलीतील बेलाज्जिओ येथे तज्ज्ञांनी याच्या अटी ठरविल्या: पाळी आलेली नसावी, मूल रात्रंदिवस जवळजवळ केवळ अंगावरच पीत असावे आणि ते सहा महिन्यांच्या आतले असावे. तिन्ही पाळल्या तर शंभरांत अठ्ठ्याण्णवांहून अधिक जणींना दिवस राहत नाहीत. एक जरी सुटली तरी दुसरा उपाय योजावा लागतो. आजीच्या सांगण्यात नेमकी ही मुदत नव्हती.