न दिसणाऱ्यावर देखरेख : जमिनीखालचा विषारी कचरा आणि शासन

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. कारखान्यांतला विषारी कचरा जमिनीच्या पोटात सोडला जातो, आणि त्यावर सरकारने देखरेख कशी ठेवली, याचा हा इतिहास आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून सुरुवात एका जुन्या प्रश्नाने करू. समोर जमीन आहे, तिच्यावर घडा दिसत नाही. 'घडा नाही' असं आपण म्हणतो. हे ज्ञान आपल्याला कशाने झालं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती याला 'अनुपलब्धी' नावाचं स्वतंत्र प्रमाण मानतात. पण ते एक अट घालतात : घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो तिथे नाही हे ठरत नाही. ही अट पाळणारी ती 'योग्य' अनुपलब्धी.

'भूजलात प्रदूषण आढळलेले नाही' हे वाक्य आपण सरकारी अहवालांत वाचतो. ते वाक्य ही अट पाळतं का, एवढंच आज आपल्याला तपासायचं आहे.

त्यासाठी आधी अमेरिकेत जावं लागेल, कारण खोल विहिरी खणून त्यांत विषारी द्रव दाबाने सोडण्याची पद्धत तिथे मोठ्या प्रमाणावर रुजली. तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर खारं पाणी वर येतं, ते पुन्हा जमिनीत ढकलण्याची तिथल्या तेलवाल्यांची जुनी रीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर रासायनिक कारखान्यांनी ती उचलली.

कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराजवळ अमेरिकी सैन्याचा रॉकी माउंटन आर्सेनल हा कारखाना १९४२ साली उभा राहिला. तिथे विषारी वायूंची अस्त्रे तयार होत. पुढे त्याच आवारात खाजगी कंपनी कीटकनाशकेही बनवू लागली. सांडपाणी उघड्या तळ्यांत सोडलं जाई, आणि त्या तळ्यांना तळाशी अस्तर नव्हतं. १९५० च्या दशकात आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं विहिरीच्या पाण्याने करपू लागली, तेव्हा कळलं की विष खाली झिरपलंय. मग १९५६ साली डांबराचं अस्तर दिलेलं तळं बांधलं. तेही पुरेना, म्हणून १९६१ मध्ये १२,०४५ फूट खोल विहीर खणली. म्हणजे बघा, ही विहीर निष्काळजीपणातून खणलेली नव्हती. वरचं प्रदूषण थांबवण्याचा तो उपाय होता.

मार्च १९६२ मध्ये द्रव सोडायला सुरुवात झाली. काही आठवड्यांतच त्या परिसरात जमीन हलू लागली. डेन्व्हरकरांना भूकंपाची सवय नव्हती. १९६५ च्या नोव्हेंबरात डेव्हिड इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने दोन आलेख शेजारी शेजारी मांडले : दर महिन्याला विहिरीत किती द्रव गेला, आणि दर महिन्याला किती धक्के बसले. दोन्ही बरोबरच चढत होते, बरोबरच उतरत होते. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, तसंच हे अनुमान. फेब्रुवारी १९६६ मध्ये सैन्याने विहीर बंद केली. तोवर सुमारे ६२ कोटी लिटर द्रव खाली गेला होता. पण गंमत नव्हे, शोकांतिका पुढेच आहे. सर्वांत मोठे धक्के, तीव्रता सुमारे ५, विहीर बंद केल्यावर वर्षभराने, १९६७ मध्ये बसले. वरचा पंप थांबला, तरी खडकात कोंडलेला दाब पसरतच राहिला. वरचं बटण बंद केलं म्हणून खालची प्रक्रिया थांबत नाही, हा पहिला धडा.

या काळात देखरेख कोणाची होती? खोल विहिरींसाठी देशभर लागू असा कायदाच नव्हता. आणि इथे तर कचरा करणारं आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारं, दोन्ही सरकारच!

१९६८ मध्ये इरी सरोवराच्या काठी एका कागद कारखान्याच्या विहिरीतला पाइप गंजून फुटला आणि खाली ढकललेला काळा द्रव वर उसळला. अशा घटना साठत गेल्या, तेव्हा डिसेंबर १९७४ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखाली १९८० साली केंद्रीय पर्यावरण संस्थेने विहिरींचे पाच वर्ग पाडले. घातक औद्योगिक कचरा पिण्याजोग्या पाण्याच्या सर्वांत खालच्या थराच्याही खालीच सोडायचा. नळीच्या आत नळी हवी, मधल्या पोकळीतला दाब सतत मोजायचा. दाब बदलला तर कुठेतरी गळती आहे असं समजायचं. खालचा खडक फुटेल इतक्या दाबाने द्रव ढकलायचा नाही. आसपासच्या जुन्या, सोडून दिलेल्या विहिरी शोधून बुजवायच्या, कारण त्यांतूनच विष वर येण्याची भीती.

नियम उत्तम. पण हे आकडे नोंदवायचे कोणी? विहिरीच्या मालकाने. सरकारी निरीक्षक अधूनमधून येणार. म्हणजे अंधाऱ्या खोलीत दिवा आला खरा, पण तो घरमालकाच्याच हातात.

खरा बदल झाला १९८४ मध्ये. अमेरिकी संसदेने घातक कचऱ्याच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि प्रश्नच उलटा केला. तोवर साधारणपणे, नुकसान झालं हे दाखवण्याची जबाबदारी ज्याच्या विहिरीचं पाणी नासलं त्याच्यावर येई. आता कचरा खाली सोडायचा असेल तर तो धोकादायक आहे तोवर तिथून सरकणार नाही, हे सोडणाऱ्याने सिद्ध करायचं, नाहीतर बंदी. 'तोवर' म्हणजे किती? १९८८ च्या नियमांनी उत्तर दिलं : १०,००० वर्षं. मित्रहो, हा आकडा ऐकून हसू येतं. इतकी वर्षं टिकलेलं एकही राज्य आपल्याला माहीत नाही. पण त्यामागचा विचार हसण्यासारखा नाही. सिद्धतेचा भार कोणी वाहायचा, हा देखरेखीचा मूळ प्रश्न आहे, आणि तो इथे पहिल्यांदा नीट विचारला गेला.

मात्र ज्या कचऱ्याला 'घातक' हे नाव मिळालं, त्यालाच हा कडक नियम. तेल आणि वायू काढताना निघणारं सांडपाणी १९८० मध्येच त्या व्याख्येबाहेर ठेवलं गेलं होतं, आणि १९८८ मध्ये ती सवलत कायम झाली. त्यात काय आहे यापेक्षा ते कुठून आलं, यावर नाव ठरलं. शिवाय कायदा पिण्याच्या पाण्यासाठी होता. जमीन हलेल का, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी कधी नव्हताच. पुढे ओक्लाहोमा राज्यात असं सांडपाणी प्रचंड प्रमाणात खोल विहिरींत गेलं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर आसपासच्या विहिरी बंद करण्याचे आदेश निघाले. डेन्व्हरचा धडा पन्नास वर्षं पुस्तकात होता. नियमाला जे विचारायला सांगितलं होतं, तेवढंच तो विचारत राहिला.

आता घरी येऊ. अमेरिकी कायदा झाला त्याच वर्षी, मार्च १९७४ मध्ये, भारताचा जलप्रदूषण कायदा आला. महाराष्ट्राने तर १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. केंद्रीय कायद्याचं कलम २४ सांगतं की प्रवाहात किंवा विहिरीत विषारी, प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून सोडता येणार नाही. अमेरिकेने अटी घालून वाट दिली, आपण वाटच बंद केली. कागदावर आपला कायदा अधिक कडक.

प्रत्यक्षात काय झालं, ते राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावाला विचारा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारखान्यांनी रीतसर संमती न घेता एच-आम्ल बनवलं. सुमारे अडीच हजार टन गाळ उघड्यावर पडला, त्यातला काही पसरून वर माती लोटली गेली. पावसाचं पाणी त्यातून खाली उतरलं आणि विहिरींचं पाणी माणसांना, गुरांना, शेताला, कशालाच चालेना. हे प्रथम कोणाला कळलं? गावकऱ्यांना. ते इतके खवळले की जानेवारी १९८९ मध्ये तिथे १४४ कलम लावावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडून तपासणी करवली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये निकाल दिला : प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करायची, आणि त्याची चूक होती की नव्हती हा वाद नको. सिद्धतेचा भार इथेही हलला, पण विहिरी नासल्यावर. उपाययोजनेचे ३७.३८५ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरावेत, असा आदेश २०११ मध्ये पुन्हा द्यावा लागला. कलम २४ या सगळ्या काळात कायद्याच्या पुस्तकात होतंच.

आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात तर पाणी भेगांतून आणि सांध्यांतून वाहतं. एका विहिरीला धो धो पाणी, शेजारची ठणठणीत कोरडी, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मग एका विहिरीचा नमुना स्वच्छ निघाला, म्हणून दुसरीचं काय सांगणार?

म्हणून शेवटी पुन्हा त्या घड्याकडे येऊ. 'प्रदूषण आढळलेले नाही' असं कोणी म्हणालं, की आपण भांडायला उठायचं नाही आणि मान डोलवायचीही नाही. शांतपणे विचारायचं : कुठे पाहिलं? किती खोल? वर्षातून किती वेळा? नमुना कोणी घेतला? आणि विष तिथे असतं, तर या पाहणीत ते दिसलं असतं का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर आलं तरच ती देखरेख म्हणायची.