न्यायसहायक प्रयोगशाळांचे परस्परसाहाय्य : गंगाखेडच्या अनुषंगाने काही विचार

गुन्ह्यांच्या तपासात रसायनशास्त्राचे साहाय्य घेण्याची सरकारी प्रथा आपल्याकडे सुमारे पावणेदोनशे वर्षांची आहे. या प्रथेचा इतिहास बहुधा प्रयोगशाळांच्या बाजूने सांगितला जातो. कोणती प्रयोगशाळा कोणत्या साली निघाली, तिचा पहिला प्रमुख कोण, तिने कोणत्या गाजलेल्या खटल्यात कामगिरी बजावली, असा तो क्रम असतो. प्रस्तुत लेखात हाच विषय दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे परीक्षणासाठी पाठवावयाचा नमुना ज्या तालुक्यातून निघतो तेथून, पाहण्याचा हेतू आहे. उदाहरणासाठी परभणी जिल्ह्यातील गंगाखेड घेतले आहे. गोदातीरीचे आणि संत जनाबाईंचे गाव म्हणून ते सर्वपरिचित आहे. तेथे पोलीस ठाणे आहे, न्यायालय आहे, सरकारी रुग्णालय आहे. गुन्हे तपासाची प्रयोगशाळा मात्र तेथे कधीच नव्हती. परभणी जिल्हा आणि गुन्हेतपास हे शब्द एकत्र आले की १९७२ ते १९७४ या काळातील मानवतच्या हत्यासत्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ते प्रकरण मुख्यतः तपास-अधिकाऱ्यांच्या इतिहासात मोडते, म्हणून येथे त्यात शिरत नाही.

अशा ठिकाणाहून पाहू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथम ध्यानी येते. येथील एकाच खुनाच्या किंवा विषप्रयोगाच्या मुद्देमालाचे परीक्षण पूर्ण होण्यास दोन-तीन शहरांतील तज्ज्ञांचे हात लागत. याचे कारण या विद्येच्या वाढीतच आहे. सरकारी रासायनिक परीक्षकाची पहिली प्रयोगशाळा मद्रासेस १८४९ साली निघाली. त्यानंतर कलकत्ता (१८५३), आग्रा (१८६४) आणि मुंबई (१८७०) येथे तशाच प्रयोगशाळा निघाल्या. या सर्वांचे मुख्य काम विष शोधण्याचे होते. पुढे जी नवी शास्त्रे निघाली ती या प्रयोगशाळांत न वाढता स्वतंत्रपणे व निरनिराळ्या गावी वाढली. बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यास, स्फोटक द्रव्यांचे खाते १८९८ साली नागपुरास, संशयित हस्ताक्षरांचे परीक्षक १९०६ साली सिमल्यास, आणि रक्ताचे डाग मानवी आहेत की जनावराचे हे सांगणारे सरकारी सीरॉलॉजिस्ट १९१० साली पुन्हा कलकत्त्यास, अशी ही वाटणी झाली. ती कोणी आखून केलेली नव्हती. जेथे माणूस मिळाला व जेथे खात्याची सोय झाली तेथे कार्यालय निघाले, इतकेच. त्यामुळे परस्परसाहाय्य ही या प्रयोगशाळांच्या बाबतीत सद्भावनेची बाब होण्यापूर्वी निरुपायाची बाब होती.

या साहाय्याचे स्वरूप कसे असते हे समजण्यास १८७४ सालचे बडोद्याचे प्रकरण फार उपयुक्त आहे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. चव बरी न लागल्यामुळे त्यांनी उरलेले सरबत फेकून दिले, आणि पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसल्यावर तो पेला रेसिडेन्सीचे शल्यवैद्य डॉ. सीवर्ड यांजकडे पाठविला. सीवर्ड यांनी जवळच्या साधनांनी गाळाच्या काही भागाची परीक्षा केली. त्यांना सोमलाची चिन्हे व काही चकाकणारे कण आढळले. बाकीचा गाळ त्यांनी मुंबईस, सरकारी रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांजकडे पाठविला. ग्रे यांनाही सोमल आढळला. चकाकणारे कण हिऱ्याची पूड असल्याचे पुढे प्रतिपादन करण्यात आले. मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीसाठी १८७५ साली जे कमिशन बसले त्यात तीन इंग्रज सदस्य एका बाजूस आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे दुसऱ्या बाजूस, असा समसमान मतभेद झाला. महाराजांना पदच्युत करताना सरकारने या आरोपाऐवजी राज्यकारभारातील अव्यवस्थेचा आधार घेतला.

राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनी या प्रकरणाचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा भाग वेगळा आहे. कमिशनमधील मतभेद आरोपी व साक्षीदार यांच्या संबंधाविषयी होता. पेल्यात सोमल होता की नाही, हा काही वादाचा मुख्य मुद्दा राहिला नाही. याचे श्रेय दोन तज्ज्ञांनी दोन ठिकाणी केलेल्या परीक्षेला द्यावे लागते. आणि ही दुसरी परीक्षा शक्य झाली ती सीवर्ड यांनी सगळा गाळ स्वतःच्या प्रयोगात संपवून टाकला नाही म्हणून. प्रयोगशाळांचे परस्परसाहाय्य मोजावयाचे झाल्यास ते पत्रव्यवहाराच्या गोडव्याने मोजू नये. पहिल्याने दुसऱ्यासाठी किती शेष ठेवले, यावरून मोजावे. अर्थात हा खटला एका राजाचा होता. सामान्य प्रजाजनाच्या प्रकरणात इतकी दक्षता कोणी घेत होते काय, हा प्रश्न राहतोच.

आता गंगाखेडकडे वळू. १९४८ पर्यंत हा तालुका निजामाच्या राज्यात होता. पोलीस व न्यायखात्याचे दप्तर उर्दूत चाले, आणि संस्थानची फौजदारी प्रक्रिया-संहिता स्वतंत्र होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९८ च्या संहितेतील कलम ५१० अन्वये सरकारी रासायनिक परीक्षकाचा लेखी अहवाल, त्यास साक्षीस न बोलावताही, पुरावा म्हणून वापरता येई. ती संहिता हैदराबाद राज्यास लागू झाली १९५१ साली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि गंगाखेडच्या ठाण्याचे तोंड हैदराबादेकडून मुंबईकडे वळले. कागदांची भाषा बदलली, तरी पंचनामा, मुद्देमाल, जप्ती, फौजदार हे शब्द दोन्ही दप्तरांना समान असल्यामुळे कारकुनांची अडचण वाटते त्यापेक्षा कमी झाली असावी. वाटेची अडचण मात्र वाढली. हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग मीटर गेजचा व सलग होता. मुंबईस जाणाऱ्या शिपायास परभणीमार्गे मनमाड गाठून तेथे ब्रॉड गेजची गाडी धरावी लागे. लाखेची मोहर केलेले पुडके काखेत, सोबत मोहरेचा नमुना व पत्र, अशा थाटात फलाटावर रात्र काढणाऱ्या शिपायाचा उल्लेख कोणत्याही प्रयोगशाळेच्या इतिहासात नाही. वास्तविक दोन प्रयोगशाळांमधील दुवा तोच होता.

हा दुवा न्यायालयात किती महत्त्वाचा ठरतो याचे प्रत्यंतर १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या महाराष्ट्रातीलच एका खटल्यात मिळते. दारूबंदीच्या कायद्याखालील त्या खटल्यात आरोपीच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण सांगणारा अहवाल उपलब्ध होता. परंतु रक्त काढल्यापासून ती कुपी परीक्षकाकडे पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होती याचा पुरावा अपुरा पडला, आणि सारा वाद त्याभोवती फिरला. परीक्षण निर्दोष असूनही मधला प्रवास अंधारात राहिला, तर अहवालाचे मोल उतरते.

रक्ताच्या डागांच्या बाबतीत हा प्रवास दुहेरी असे. डाग रक्ताचाच आहे, इथपर्यंत राज्याचा रासायनिक परीक्षक सांगे. ते रक्त मानवी आहे काय आणि कोणत्या गटाचे आहे, हे सांगण्यासाठी डागाचा कापलेला तुकडा कलकत्त्यास सीरॉलॉजिस्टकडे जाई. मानवी रक्त ओळखण्याची अवक्षेपण-परीक्षा उलेनहुट यांनी १९०१ साली सिद्ध केली होती व ती भरवशाची होती. परंतु तिला रक्तातील प्रथिने शाबूत लागतात. मराठवाड्यातील उन्हाळा, ठाण्यातील मुद्देमालाची खोली आणि दोन प्रवास यांतून गेलेल्या धोतराच्या तुकड्यावर ती शाबूत राहतीलच असे नाही. डाग विघटित झाल्यामुळे मूळ ठरविता आले नाही, या आशयाचे शेरे जुन्या निकालपत्रांत वारंवार भेटतात. अशा शेऱ्याचा लाभ कधी अपराध्यास मिळतो, तर कधी ज्या निरपराध्याचे निरपराधित्व त्या डागावरून सिद्ध झाले असते त्याची हानी होते. पुढे राज्यांच्या प्रयोगशाळांनी हे काम हळूहळू स्वतःकडे घेतले, ही मोठीच सुधारणा होय.

विषप्रयोगाच्या प्रकरणी व्हिसेरा पाठविण्याची जी रीत रूढ झाली ती या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड हे अवयव सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून पाठवितात, आणि त्याच द्रावणाचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत सोबत देतात. ही दुसरी बाटली पुष्कळांना निरर्थक वाटते. तिचे प्रयोजन असे की, उद्या विष आढळल्यास ते मिठातून आलेले नाही, हे दूरच्या रसायनज्ञाला स्वतः पडताळून पाहता यावे. तालुक्याचा डॉक्टर आणि शहरातला रसायनज्ञ यांची आयुष्यात भेट होत नाही. त्यांच्यातील व्यावसायिक सहकार्य त्या बाटलीत असते. मुंबईच्या प्रयोगशाळेचे प्रमुख राहिलेले आय. बी. लायन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकीय न्यायशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यासारख्या ग्रंथांमुळे ही शिस्त दूरवरच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचली.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने नमुन्याचे तीन भाग करणे आवश्यक केले. पहिल्या विश्लेषकाचा निष्कर्ष मान्य नसल्यास आरोपी न्यायालयामार्फत दुसरा भाग केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठवू शके, आणि तेथील प्रमाणपत्र आधीच्या अहवालाहून श्रेष्ठ मानले जाई. म्हणजे गंगाखेडच्या बाजारात दुधात पाणी घातल्याचा आरोप असलेल्या गवळ्याला दुसऱ्या प्रयोगशाळेचा हक्क होता. त्याच गावात दुधात विष घातल्याचा आरोप ज्याच्यावर असेल, त्याला फौजदारी संहितेने असा स्पष्ट हक्क दिला नव्हता. पहिल्याची शिक्षा दंडाची वा कैदेची, दुसऱ्याची फाशीचीही असू शके. १९७३ च्या संहितेने कलम २९३ मध्ये अहवाल ग्राह्य असलेल्या तज्ज्ञांची यादी वाढविली. तीत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक आले, केंद्र व राज्य प्रयोगशाळांचे संचालक आले. परंतु शेष नमुन्याची तरतूद आली नाही. अमली पदार्थांच्या खटल्यांत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फेरपरीक्षण अपवादात्मक परिस्थितीतच, आणि तेही पंधरा दिवसांच्या आत अर्ज केल्यास द्यावे, असे ठरविले. खटले लांबू नयेत हा हेतू योग्यच आहे. तरी एका प्रयोगशाळेने दुसरीस तपासावे, या तत्त्वाला आपल्या कायद्याने सढळ हाताने जागा दिली आहे असे म्हणवत नाही.

प्रयोगशाळांनी एकमेकींस पडताळून पाहण्याचे महत्त्व अमेरिकेत एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले. १९७४ ते १९७७ या काळात तेथील दोनशेहून अधिक प्रयोगशाळांकडे एकाच प्रकारचे नमुने पाठविण्यात आले. नमुन्यात काय आहे हे पाठविणाऱ्यास ठाऊक होते. काही प्रकारच्या परीक्षांत चुकीच्या उत्तरांचे प्रमाण इतके निघाले की त्या व्यवसायास हादरा बसला. प्रयोगशाळांच्या संचालकांची संघटना, मान्यता देण्याची पद्धत, नियतकालिक परीक्षा हे सारे त्यातून दृढ झाले. आपल्याकडे कलकत्त्याची पहिली राज्य प्रयोगशाळा १९५२ ची, तेथीलच केंद्रीय प्रयोगशाळा १९५७ ची, आणि या शास्त्रातील लोकांना एकत्र आणणारी भारतीय अकादमी १९६० ची. परिषदा भरल्या, निबंध वाचले गेले. एकच नमुना अनेकांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहण्याची शिस्त मात्र आय. एस. ओ. १७०२५ सारखी आंतरराष्ट्रीय मानके व राष्ट्रीय मान्यता-मंडळाच्या अटी यांच्या द्वारे पुष्कळ उशिरा रुजू लागली.

मधल्या काळात गंगाखेडच्या भोवतालचा नकाशा पालटला. महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असले, तरी प्रादेशिक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगर म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद येथे झाली, आणि अलीकडे नांदेडलाही झाली. गंमत अशी की १९५६ साली जिच्याकडे पाठ फिरवली ती हैदराबाद नगरी या विषयात पुन्हा केंद्रस्थानी आली. १९६० नंतरच्या दशकात तेथे केंद्रीय न्यायसहायक प्रयोगशाळा निघाली. पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी १९८० नंतरच्या दशकात डी. एन. ए. परीक्षणाची देशी पद्धत विकसित केल्यावर देशभरातील नमुने त्या शहराकडे जाऊ लागले.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये या विषयाला प्रथमच नेमके शब्द मिळाले आहेत. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, राज्यांनी ही पद्धत पाच वर्षांच्या आत सुरू करावी, आणि आपल्याकडे एखादी सोय नसेल तर ती होईपर्यंत दुसऱ्या राज्याच्या सोयीचा उपयोग अधिसूचित करावा, असे ते कलम सांगते. १८७४ साली एका शल्यवैद्याने स्वतःच्या समजुतीने जे केले त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला, म्हणजे नमुना दुसरीकडे पाठविण्याला, यामुळे विधिवत् आधार मिळाला. दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी, नमुन्याचा अंश राखून ठेवण्याविषयी, ते कलम काही सांगत नाही.

मराठवाड्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात काम करण्यास पुष्कळ वाव आहे. परभणी जिल्ह्यातील न्यायालयांच्या १९५१ नंतरच्या संचिकांतून चारच तारखा उतरून घ्याव्यात : मुद्देमाल जप्त झाल्याची, तो ठाण्यातून निघाल्याची, प्रयोगशाळेत पोहोचल्याची आणि अहवालावरील. पाचव्या रकान्यात, परीक्षणानंतर नमुन्याचा काही भाग उरल्याची नोंद आहे की नाही, एवढेच लिहावे.