मोटारसायकल परवान्याची प्रत्यक्ष चाचणी : महादेवपुरा भागातील अर्जदारांसाठी

महादेवपुरा भाग कृष्णराजपुरम प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या (केए-५३) कक्षेत येतो. शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनी 'सारथी' संकेतस्थळावरून घेतलेल्या तारखेला चाचणी देता येते. शिकाऊ परवान्याची मुदत ६ महिने असते; शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

आधी गाडी ठरवा. बिनगिअरच्या स्कूटरवर चाचणी दिल्यास परवाना तशाच गाडीपुरता मिळतो. डिलिव्हरीच्या कामासाठी पुढे गिअरची मोटारसायकल चालवायची असेल, तर चाचणीही तिच्यावरच द्यावी. गाडी दुसऱ्याची असली तरी नोंदणी, विमा व पीयूसीची कागदपत्रे आणि स्वतःचे हेल्मेट सोबत हवे.

सराव संथ चालवण्याचा करा. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वळणावर पाय टेकू नये यासाठी पहिला गिअर ठेवा, क्लच अर्धा दाबा, मागचा ब्रेक हलका लावा. नजर पुढच्या चाकावर नको, जिकडे वळायचे तिकडे हवी. वळण्याआधी इशारा देण्याची सवय सरावातच लावा, कारण घाईत नेमके तेच राहून जाते.

नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते.